आगवाला

फुजैरात, बंदरामागच्या खलाशी क्लबात
एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय
आणि भिंतीवर जुनं युद्ध सुरू आहे.

काळंपांढरं. अटलांटिक.
चाळीसेक मालवाहू जहाजं, एकाही खिडकीत दिवा नाही.
कप्तान चहाचा कप धरून खिडकीबाहेर बघतो
आणि अब्बास सोलकर, आमचा भंडारी, मागून म्हणतो,
"एवढ्या लाटंत बशी हलत नाय?
जहाज हौदात हाय, हौदात."

आम्ही हसतो. आम्हाला दिसतं सगळं.
धूर मागं चाललाय, निशाण पुढं फडकतंय.
टॉर्पेडो येतो तो दोरीनं ओढल्यासारखा,
आणि तेलवाहू जहाज मोडतं तेव्हा
उडालेले थेंब माणसाच्या डोक्याएवढे.
जहाज खेळण्यातलं करता येतं,
पाण्याला लहान होता येत नाही.

सत्त्याऐंशीत मी याच आखातात होतो,
बाविशीचा पंपमन.
रॉकेट लागलं तेव्हा कसलं संगीत नव्हतं,
आधी भांडी वाजली.
फळीवरचे टोप एकामागून एक खाली आले
आणि मी वेड्यासारखा ते उचलत बसलो,
वर डेक जळत असताना.
हे कोणी पडद्यावर दाखवलं तर
लोक म्हणतील, खोटं आहे.

मग ती होडी येते.
अकरा माणसं, एक पिंप,
डब्याच्या झाकणानं मोजून दिलेलं पाणी.
आता कोणी हसत नाही.
आमचं जहाज तीन मैलांवर नांगरलेलं,
पाच महिने पगार नाही, मालक फोन उचलत नाही,
आंघोळीला आठवड्याला एक बादली.
धाकू पालशेतकर हळूच विचारतो,
"ह्यांचा पगार चालू होता काय रं?"
आणि स्वतःच सांगतो,
त्याच्या गावातले म्हातारे म्हणायचे,
जहाज बुडालं की त्याच तारखेला पगारही बुडायचा.

पण थांबलो ते दुसऱ्याच जागी.
इंजिनखोली. जेमतेम एक सेकंद.
भट्टीचं तोंड उघडं, फावडं, एक उघडा दंड,
दंडावर काळ्या दोऱ्यात काहीतरी बांधलेलं.
चेहरा नाही.
लगेच पुन्हा वर, कप्तान, दुर्बीण.

"मागं घे," अब्बास म्हणाला.
कॅडेट पोरानं मागं घेतलं. थांबवलं.
भिंतीवर थरथरत राहिला तो दंड.
"ताईत हाय. आमच्या दाभोळच्या पिराचा."
"हट्, गंडा हाय तो. देवीचा. आमचा खारवी असणार."
दोघं भांडले, पार दंडाच्या जाडीवरून भांडले.
शेवटी नावं आली,
कप्तानाचं, त्याच्या बायकोचं,
जहाजावरच्या कुत्र्याचंसुद्धा.
आगवाल्याचं नव्हतं.

पोरगं शिकलेलं. भीतभीत म्हणालं,
"काका, तो नट असेल. स्टुडिओतला.
काळं फासलं असेल अंगाला."

बादलीत पाणी टपकलं. पुन्हा टपकलं.

अब्बास उठून पडद्याजवळ गेला,
त्याची सावली भट्टीवर पडली.
"असंल," म्हणाला.
"पण फावडं बघ कसं धरलंय.
डावा हात दांड्याच्या गळ्याशी, अंगठा वर.
चटका बसल्याबिगर असा अंगठा कोण ठेवतो?
कुणीतरी दावलं असंल त्याला.
कॅमेऱ्याच्या मागं उभा राहून
सांगितलं असंल: साहेब, असं नाय, असं."

दहाच्या लाँचनं परत निघालो.
मागं उघडेबोडके डोंगर, पुढं आमचं जहाज
डिझेल वाचवायला काळोखात ठेवलेलं.
लाँच हलत होती, आणि अब्बास
पोराच्या मुठीत मूठ घालून
त्याला शिकवत होता कोळसा टाकायला.
हातात फावडं नव्हतं. समोर भट्टी नव्हती.
धाकू सरकून बसला,
त्यांना जागा व्हावी म्हणून.