पाच बोटांचा मास्क

गोचा म्हणाला, तेवढा उचा काढून टाक.
तेवढा म्हणजे चौतीस सेकंद,
साडेआठशे फ्रेम.
गरम शोतीची पिशवी टेबलावर ठेवून तो गेला.
खालच्या औषधाच्या दुकानापर्यंत
जिन्यावर त्याचे बूट वाजत होते.

म्झियाने पेन टूल घेतलं.
डोक्यापासून सुरुवात करायची नसते.
केस शेवटी. केस कुणाचंच ऐकत नाहीत.
पहिला बिंदू मनगटाशी,
मग कोपर, मग पिठाने माखलेला ॲप्रन.
प्रत्येक बिंदूला दोन मिशा,
जरा ओढल्या की रेष वळते
शोतीसारखी, टोकाला निमुळती.
शेवटचा बिंदू पहिल्याला भेटतो
आणि माणूस बंद होतो.

मास्क म्हणजे मुखवटा नव्हे रे,
ती शिकाऊ बादरीला सांगते.
मुखवटा चढवतात.
इथे 'जोड' म्हटलं की आतलं उरतं,
'वजा' म्हटलं की बाहेरचं.
रेष तीच.
बादरी वहीत लिहून घेतो, पाव कुरतडतो,
कीबोर्डवर कण सांडतो, ओरडा खातो.

एकशे बाराव्या फ्रेमला उचा हसतो,
हनुवटी रेषेबाहेर पडते. ती आत घेते.
एकशे तिसाला तो भट्टीत कंबरेपर्यंत वाकतो,
नुसते दोन पाय उरतात. सोपं.
दोनशे चारला त्याचा हात
गोचाच्या खांद्यावर पडतो.
आणि तिथेच राहतो.

आता ही बोटं कोणाची धरायची?
कापली तर खाली खांदा नाही,
काळं भोक आहे.
ती मागे जाते, पुढे जाते.
त्या खांद्यावर हात नाही अशी
एक फ्रेम सापडत नाही अख्ख्या चित्रीकरणात.
उचा आता बातुमीला असतो,
वकिलामार्फत बोलतो.
हाताला हे अजून कळलेलं नाही.

रात्री दोनला ती दुसरा खांदा उचलते,
उलटा करून इकडे चिकटवते,
कडा चार पिक्सेल मऊ करते.
चालून जातं.
एक सुरकुती तेवढी शर्टावर दाबलेली राहते,
कशाने, ते दिसत नाही.

पाटीवर 'ज्मेबी'. म्हणजे बंधू.
अक्षरांचे मास्क करायला एक आज्ञा पुरते:
टाइप केलेला शब्द क्षणात बाह्यरेषा होतो,
मग तो वाचता येतो, खोडता येत नाही,
बिंदू बिंदू धरून हलवावा लागतो.
शेवटची तीन अक्षरं काढली, एक घातलं,
की एकच भाऊ उरतो.
आमच्या भाषेत अनेकवचन फार महाग नाही,
बादरी म्हणतो. स्वतःच हसतो.

काम संपलं की मास्क पुसायचे, फाइल हलकी करायची.
सगळे पुसून झाल्यावर
ती दोनशे चारचा एक मागे ठेवते.
त्याची रेष उचलून
रिकाम्या शेप लेयरवर टाकते.
आता तो काहीच कापत नाही.
नुसता आकार: वाकलेली पाठ, लांबवलेला हात.
त्यात ती पांढरा भरते, सहा टक्के.
कडा चाळीस पिक्सेल विरघळवते,
भट्टीच्या तोंडाशी ठेवते,
हळूहळू वर सोडते.

शुक्रवारी गोचा येतो, सोबत आई लामारा.
खिडकीबाहेर रिओनी गढूळ.
चौतीस सेकंद.
छान, गोचा म्हणतो. वाफ जरा जास्त झालीय,
पाव दिसला पाहिजे.
लामारा पर्समधून चष्मा काढते,
पदर नाही म्हणून स्वेटरच्या बाहीने पुसते.
पुन्हा लाव, म्हणते.
मग पुन्हा.
गोचा घड्याळ बघतो.
बादरी हळूच विचारतो,
सहाचे चार करू?
थांब, म्झिया म्हणते,
आधी त्यांचं बघून होऊ दे.