शंभरात एक

तपासणी गुडघ्यासाठी होती.
मे महिन्यात आडवं आलेलं कोकरू ओढताना
लचकला होता, तेवढंच.
रक्त घेतलं, चार नळ्या, आणि मी विसरून गेले.

राग्नहेइदुर कागद माझ्याकडे फिरवते.
एक रेघ: सुरुवातीला उंच टेकाड,
मग बुटके उंचवटे,
आणि शेवटी, जिथे पसरट उतार हवा होता,
तिथे सुई.

"रोगांशी लढणारी प्रथिनं असतात रक्तात," ती म्हणते.
"असंख्य जातींची, थोडी थोडी.
तुझ्यात एकाच पेशीची पिलावळ वाढलीये.
सगळ्या मिळून एकच प्रथिन बनवतात,
आणि ते कशाच्याही कामाचं नाही."

"कॅन्सर?"
"नाही."
'अजून' हा शब्द ती उच्चारत नाही,
पण तो टेबलावर असतो, तिच्या पेनाशेजारी.

मला समजलं ते असं:
सप्टेंबरात मेंढरं डोंगरावरून खाली येतात,
गोल कोंडवाड्यात, अख्ख्या खोऱ्याची.
कान चाचपायचा, खूण ओळखायची,
ज्याच्या त्याच्या खणात ढकलायचं.
आमची खूण: डाव्याला खाच, उजव्याचं टोक छाटलेलं.
समजा एखाद्या वर्षी
कान चाचपावा त्याला डावी खाच, उजवं टोक नाही.
पुन्हा तेच. पुन्हा तेच.
मेंढरं आजारी नाहीत, चरतायत छान.
पण आमच्या खणाची फळी वाकायला लागलीये.

ह्योर्लेइफुरने बत्तीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केले.
"मग औषध काय?"
"काही नाही."
"काही नाही म्हणजे?"
"म्हणजे बघत राहायचं. दर सहा महिन्यांनी.
असे शंभर लोक घेतले तर
वर्षाला त्यातला साधारण एक पुढे जातो."
तो बराच वेळ टोपी फिरवत बसला.
गाडीत म्हणाला, "आपल्याकडे एकशे बारा मेंढ्या आहेत."
पुढे बोलला नाही.
पूल गेला, दूध डेअरी गेली,
तो अजून मोजत होता हे मला कळत होतं.

ओद्नीचा फोन. तिला नाव हवं होतं, शोधायला.
मी कागदावरून वाचून दाखवलं, लांबलचक,
शेवटचे शब्द असे की
जिचा अर्थ अजून ठरलेला नाही.
"हे काय नाव झालं?" ती रडायला लागली.
मग स्वतःला सावरत म्हणाली,
"आई, आपल्या मागचा डोंगरही तसाच ना,
आतून धुमसतो, यंत्रं लावलीयेत,
कदाचित हजार वर्षं काही..."
"डोंगराला यात ओढू नकोस," मी म्हटलं.
"त्याला सुया टोचत नाहीत."

पहिला हिवाळा वाईट गेला.
पाठ दुखली की हाडांना विचारायचे, तूच का ती?
दमले की विचारायचे.
सकाळी अकरापर्यंत अंधार,
आणि अंधारात पाठ नेहमीच दुखते,
बर्फ खरवडणाऱ्या कुणाचीही.
एकदा गोठ्यात उभी राहून
मी मोठ्याने म्हणाले, "मी आजारी नाही."
एका करड्या मेंढीने मान वर केली,
मग पुन्हा चाऱ्यात घातली.

एप्रिलमध्ये आकडा तोच आला.
ऑक्टोबरात दशांशाने वर.
"हे मोजमापातलं डुगडुगणं," राग्नहेइदुर म्हणाली.
तिचं म्हणणं मी घरी आणलं,
अंडी आणतात तसं, मांडीवर धरून.

परतताना पेट्रोल पंपावर
ह्योर्लेइफुर नेहमीसारखं
तळलेल्या कांद्याचं सॉसेज खातो,
मी खारट ज्येष्ठमधाची गोळी चघळते.
कधीतरी त्याच्या मिशीत मोहरी राहते
आणि मी सांगत नाही.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पुढची तारीख आहे,
मेंढ्यांच्या लसीच्या खाली,
ओद्नीच्या मुलाच्या वाढदिवसाच्या वर.
माझ्या अक्षरात फक्त 'रक्त' असं लिहिलंय.
शेजारी ह्योर्लेइफुरने, मला न विचारता,
पेन्सिलीने लिहिलंय:
'टायरही बदलायचे, तसेही जातोच आहोत.'