कांजी

बारापात्रेसायबाचा शर्ट मी केला होता.
आकाशी, बारीक रेघेचा, कॉलरले कांजी.
सोमवारचं गठुडं.
मंगळवारी पोट्टा चित्रकलेच्या क्लासले गेला
अन् सक्करदऱ्याच्या वळणावर
सायकल तेवढी सापडली.

बुधवारी मी शर्ट पोचवला.
बापानं दारातच घेतला,
"किती झाले?" विचारलं,
सुट्टे बारा रुपये मोजून दिले.
मीबी मोजून घेतले.

हे आधीच सांगून ठेवते,
कारण गुरुवारी अर्धं नागपूर
फोनात तो शर्ट पाहत होतं.

तर्रीपोह्याच्या ठेल्यावर पाचजण वाकले होते.
"कडक इस्त्री पाह्य बे!
पोरगं हरवलं अन् ह्याले
बाह्यायच्या घड्या सुचून राहिल्या."
माझ्या हातात कोळशाची इस्त्री होती.
ती मी दुसऱ्याच्या पॅन्टवर फिरवली.
जे वरती होतं तेच घातलं असन त्यानं,
एवढंच बोलायचं होतं.
नाही बोलली.

मग बाई आली. रंजिता.
डोळे कोरडे, केस विंचरलेले.
माइक धरणाऱ्या पोरीले म्हणाली,
"ऊन लय आहे बाई, पाणी घेता का?"
मे महिना, सेहेचाळीस डिग्री,
कूलरबी गरम हवा फेकून राहिला,
आमच्या इथं दुश्मनालेबी पहिले पाणी विचारतात.
पण शेंडे मास्तर, चार पोरी उजवलेला माणूस,
चमचा वर करून म्हणाला,
"आई असती तर कंठ फुटला नसता."
अन् खोटं कायले बोलू,
मीबी म्हटलं,
"हो ना, एक टिपूस नाही."
म्हणताना बरं वाटलं.
निंबाची सावली सरकत अंगावर यावी
तसं बरं.

बाप म्हणाला, "हिमांशू गणितात पहिला होता."
"होता? ऐकलं का, होता म्हणते!"
पाचही जण पोलीस झाले.
चौथीत आला होता पहिला,
माझ्या टेबलावर पेढा ठेवून गेला होता,
कागदात नाही, तसाच, चादरीवर,
तुपाचा डाग दोन धुण्यांत निघाला.
होता.
घ्या, मीबी म्हटलंच.

माझी शालू ताजबागच्या उर्सात हरवली होती, दोन घंटे.
तवा मी बांगड्यावाल्याशी पाच रुपयांसाठी भांडत होती.
पोरगी बाजूले नाही हे कळलं,
तरी भांडण पुरं केलं,
मग ओरडली.
कॅमेरा नव्हता म्हणून बरं.

आता गठुड्यातलं सांगते.
त्यात एक निळी हाफपॅन्टबी होती,
पांढरा शर्ट, खिशाले शाईचा डाग.
बुधवारी मी बापाचाच शर्ट नेला,
हे ठेवून घेतलं. काहून, मले नाही सांगता येत.
शाळा सव्वीस जूनले उघडते.

दोन डाव निघाली पोचवाले.
जिन्याखाली बाया बसल्या असतात
कुरड्या राखत,
येणाऱ्याचं तोंड वाचत.
रडत गेली तर म्हणतील, हिले कायचं एवढं?
कोरडी गेली तर...
ठेल्यावरच्या काचेत तोंड पाहते,
शेवचिवड्याच्या बरण्यायच्या मधात,
एक करून पाहते, दुसरं करून पाहते.
तवर कोळसा विझते.
पुन्हा पेटवते.
हाफपॅन्टवर इस्त्री फिरवते,
जुन्याच घडीवर,
कपडा तिथं चमकाले लागला.