चावीवाल्याचा बाप्तिस्मा

घोरपडीच्या प्रार्थनाघरामागे
सिमेंटचा हौद, टँकरनं भरलेला.
चौतीस वर्षं मी चावी फिरवली,
पेठापेठांत पाणी सोडलं,
पुरता भिजलो कधीच नव्हतो.

पाळकांना आधीच विचारलं होतं,
"वधस्तंभावरच्या चोराला कुठं मिळालं पाणी?
तरी गेलाच ना सुखलोकात."
ते म्हणाले, "त्याला वेळ नव्हता, भिकाजीराव.
तुम्हाला आहे."

पाठीशी हात, नाकावर रुमाल,
आणि पाणी डोक्यावर मिटलं.
तिथं गुरुवारची बंदी नव्हती.
कानात घुमलं काहीतरी,
पलीकडून कुणी चावी उघडावी तसं.

वर आलो. खोकलो. सगळे गात होते.

कौसल्या आली नव्हती. तिला हे पटत नाही.
घरी तिनं माझा ओला सदरा
कढीपत्त्याच्या कुंडीत पिळला,
म्हणाली, "वाया कशाला घालवायचं?"