शंभरात एक्क्याऐंशी

ऑन्नी,
यंत्राला मी दोन हजार गाणी ऐकवली.
पूर्ण नाही, प्रत्येकातले तीनच सेकंद.
शितावरून भाताची परीक्षा.
मग विचारलं: सांग, घराणं कोणतं?
नदीवाल्यांचं, काचेच्या इमारतीवाल्यांचं,
जुन्यांचं,
की त्या कंपनीचं, जिथे तू सात वर्षं होतीस.

शंभरातली एक्क्याऐंशी बरोबर सांगतं आता.
प्राध्यापक ब्यॉन खूश.
म्हणाले, कशावरून ओळखतं ते शोध, मग निबंध लिहू.
पण यंत्र ताकास तूर लागू देत नाही.
विचारलं की आकडे ओततं,
आणि आकडे पुसले की पुन्हा आकडेच.

ग्वानाकच्या चढावर माझी खोली.
रात्री अडीचला लॅपटॉप म्हाताऱ्या मांजरासारखा घरघरतो,
खालच्या दुकानात कुणी उभ्याउभ्या रामेन खातं,
काचेवर वाफ.
तशा एका रात्री मी तुझी फाइल उघडली.
विचारलं नव्हतं. धाकटीचा हक्क म्हण.
आईच्या जुन्या फोनमधली,
दरमहाच्या परीक्षेची, चोरून घेतलेली.
तू सोळा वर्षांची.
मागून कुणीतरी म्हणतं, सत्तेचाळीस पूर्णांक दोन,
अजून दोन किलो,
आणि लगेच तू गातेस,
ते कडवं, जे पुढे दुसरीच्या तोंडी आलं.

यंत्र म्हणालं: त्यांचीच.
शंभरात सत्त्याण्णव.
एवढी खात्री त्याला गाजलेल्या गाण्यांचीही नसते.
मी रडले, खोटं कशाला बोलू.
सात वर्षांत त्या इमारतीतल्या एकानंही
तुला आमची म्हटलं नव्हतं.

सकाळी डोकं थंड झाल्यावर
गाण्यांतून एकेक गोष्ट काढत गेले.
आधी शब्द. मग ढोल. मग गळे.
तरी ते ओळखतच राहिलं.
उरली होती फक्त एक बारीक घूं,
श्वास घेण्याआधीच्या फटीत,
तालीम आणि रेकॉर्डिंग जिथे व्हायचं
त्या तळघरातल्या हवेच्या यंत्राची.
म्हणजे तुला त्यानं ओळखलंच नव्हतं.

रविवारी इंचॉनला आले.
तू तलावाच्या काठावर, गळ्यात शिटी,
पाण्यात सात पोरं लाथा झाडतायत.
सांगू की नको करत सांगितलं सगळं.
तू हसलीस. चांगलीच हसलीस.
"अगं, ती घूं! पाच नंबरच्या खोलीतली!
पियानो कुणाला मिळायचा तिथे?
आम्ही सगळ्या तिच्यावरच सूर लावायचो.
काळी पाचच्या जराशी खाली."
आणि लावून दाखवलास,
क्लोरीनच्या वासात, ओल्या चपलांवर उभी राहून.
एक पोरगं पाय मारायचं थांबून बघायला लागलं.

मग त्याच्यावर ओरडलीस,
गुडघा वाकवू नकोस, चूबिन, ताठ ठेव!
त्या ओरडण्याचे तीन सेकंद
मी खिशातल्या फोनवर उतरवून घेतले.

घरी येऊन यंत्राला दिले.
पंचवीस. चोवीस. सव्वीस. पंचवीस.
पुन्हा दिले. तेच.

निबंध शुक्रवारी द्यायचाय.
चुकांच्या तक्त्यात तुला कुठल्या रकान्यात घालू,
अजून ठरत नाही.