सातवा सामना, पहाटे साडेपाच

मे महिन्यात ग्वाल्हेरला पहाट नसतेच.
रात्रीची भट्टी विझायच्या आत दिवसाची पेटते.
दौलतगंजात शफीक मिस्त्रींच्या दुकानाचं शटर
कमरेएवढं वर जातं
आणि आम्ही चौघं वाकून आत शिरतो,
बर्फ बघायला.

इंदापूरकर रेल्वेकडून फुलबॅक खेळले,
उजवा गुडघा मैदानावरच ठेवून आले.
फाळके डॉक्टर होमिओपॅथीचे, कधी स्टिक धरली नाही,
म्हणून नियम सगळे त्यांनाच पाठ.
शफीकभाईंनी जन्मभर मोडक्या स्टिका सांधल्या;
पडद्यावर कुणी मोडकी काठी टाकून नवी घेतली
की त्यांच्या तोंडून "च्च" निघतं.
आणि मी. माझं नंतर.

हे खूळ फाळक्यांच्या भाचीनं लावलं.
ती तिकडे दातांची डॉक्टर आहे,
म्हणते, मामा, या खेळावर माझं घर चालतं.
तिच्या गावचा संघ तो आमचा संघ.
एकवीस वर्षांत दुसरी फेरी ओलांडलेली नाही,
तीनदा सातव्या सामन्यात बुडाले;
डॉक्टरांच्या औषधांच्या चिठ्ठ्यांवर
मागच्या बाजूला सगळा इतिहास आहे.

भांडणं ठरलेली.
"आपल्या अर्ध्यातून चकती लांब पिटाळली, यात गुन्हा कसला?
मी बावीस वर्षं तेच केलं, टाळ्या घेतल्या!"
"आपण ऑफसाइड टाकून दिला, भाई,
यांनी निळ्या रेघेवर मुरत ठेवलाय. लोणचं."
दोन मिनिटं काचेच्या पेटीत कोंडायचं
आणि मग हिशोब साफ, हे मात्र सगळ्यांना पटतं.
शफीकभाई म्हणतात, आमच्या कुटुंबात अशी पेटी पाहिजे होती.

आज एका गोलनं मागे होतो.
चार मिनिटं वीस सेकंद बाकी
आणि कोचनं गोलीला बाहेर बोलावलं.
जाळी रिकामी, पुढे एक गडी जास्त.
समोरच्यानं मैदानाच्या मध्यातून नुसती ढकलली.
कुणी अडवायला नव्हतं. ती घसरत गेली,
पंगतीत रिकामी ताटली सरकवावी तशी,
आणि आत.

"दीड मिनिट उरलं की काढतात! चार आधी?"
"एकनं हरलं काय, दोननं हरलं काय? आकडे मांडून बघा."
"घराचं दार उचकटून त्याची शिडी करायची,
हे तुमचे आकडे?"
चहा निवला. पंखा गरम वारा वाटत राहिला.
मग इंदापूरकर माझ्याकडे वळले,
"कुंदाताई, तुम्ही सांगा. तुम्ही तर गोलकीपर."

भोपाळ, एकोणनव्वद. फायनल. एक-एक बरोबरी.
स्ट्रोकच्या आधी जादौन सर म्हणाले, "मुळे, बाहेर."
मुरारची एक मुलगी आत गेली, माझ्याहून वीतभर उंच.
तिनं दोन अडवले. आम्ही जिंकलो.
फोटोत मी आहे, मागच्या रांगेत.
सरांचा निर्णय बरोबर होता.
छत्तीस वर्षं मी त्यात चूक शोधतेय, सापडत नाही.

तारेचा मुखवटा मी काढला नव्हता.
बाकावर नाही, ढाल घेताना नाही, गाडीतसुद्धा नाही.
मुलींना वाटलं गंमत करतेय.
झाशी गेली, दतिया गेलं,
डबऱ्याला चहावाला खिडकीशी आला तेव्हा काढला,
कारण चहा तर प्यायचा होता.

हे काही मी त्यांना सांगितलं नाही.
एवढंच विचारलं,
"बाकावर बसल्यावर त्यानं मुखवटा काढला का?"

कुणी बघितलं नव्हतं.
डॉक्टरांनाही नियम आठवेना.
शफीकभाईंनी सरसानं निबर झालेला अंगठा
पडद्यावर ठेवला आणि सामना मागे ओढला.
चार मिनिटं वीस सेकंद.
तो जाळी सोडून निघतो, जड पायांनी, वेगात,
कठड्याचं फाटक उघडतं,
आम्ही चौघं पुढे वाकतो

आणि कॅमेरा चकतीमागे जातो.