उकार

दोन हजार तीनशे सोळा उकार मोजले मी तिचे.
अकरा अल्बम, आणि एक हेडफोन,
डावीकडून जरा कमी ऐकू येणारा.
कोइंब्राच्या ग्रंथालयात जागा मिळाली ती तळघरात,
हीटरशेजारी, जिथे कायद्याची मुलं
चोरून सँडविच खायला येत.
‘काय ऐकतेस?’
‘इदालिना फुर्तादो.’
‘अभ्यासाला?’
आणि पुढचं हसू. तेही मला पाठ झालं.

आमच्या बेटावरचा उ निराळा.
ओठांचा चंबू ‘उ’साठी,
जीभ मात्र पुढे सरकून ‘इ’च्या उंबऱ्यावर बसलेली.
लिस्बनच्या माणसाला वाटतं,
आम्ही बोलत नाही, मेणबत्त्या फुंकतोय.
पहिल्या कॅसेटवर ती अशीच गाते,
शंभरातले ब्याण्णव उकार बेटाचे,
आणि मागे एक गाय हंबरते,
कारण स्टुडिओ म्हणजे दूधसंघाची रिकामी खोली.

दुसऱ्या अल्बमला चव्वेचाळीस.
तिसऱ्याला शून्य.

त्या शून्याची गोष्ट निर्माता मोठ्या कौतुकाने सांगायचा:
दातांत पेन्सिल धरायला लावली, सहा आठवडे.
चार पेन्सिली चावून संपवल्या पोरीने.
मार्गदर्शक म्हणाले, हे घाल प्रबंधात,
पेन्सिलींचा आकडा मात्र नको,
आकड्याला पुरावा लागतो.

मी आलेख काढला.
तो निघाला आमच्या उत्तर किनाऱ्यासारखा:
गाईंमागून चालता चालता कुरण संपतं
आणि एकदम खाली समुद्र.
त्या समुद्रावर, सातव्या अल्बमपाशी,
एक ठिपका.

एकच.
चौथं गाणं, दुसरं कडवं, शब्द ‘लूआ’. चंद्र.
त्या गाण्यात नऊ वेळा चंद्र येतो.
आठ वेळा राजधानीचा, इस्त्री केलेला.
हा एक तेवढा आमच्याकडचा.
मी तो शंभरदा ऐकला.
म्हणजे शंभर नाही, एकशे सत्तेचाळीस.

बाल्ताझार सेतूबालला राहतो. ध्वनिमुद्रण त्याचं.
सार्डिनची मुंडकी उडवत बोलत होता.
‘चौदा टेक झाले. तिने नववा निवडला.
म्हटलं, इदालिना, इथे जीभ घसरलीय तुझी.
म्हणाली, राहू दे.’
मी वही उघडली.
‘नाहीतर मीच म्हणालो असेन, राहू दे.
भूक लागली होती सगळ्यांना.’
वही मी मिटली नाही,
तिच्यात काही लिहिलंही नाही.

ती असती तर तिलाच विचारलं असतं.
पण तिच्यासमोर
मी कुठला उ बोलले असते?

परीक्षक तिघे. त्यातले थोरले सेव्हेरिनो सर म्हणाले,
‘हा अपवाद काढून टाका, आलेख स्वच्छ दिसेल.
आणि कलेचं काय?
हे सगळं तर तोंडाच्या आतलंच झालं.’
मी म्हटलं, सर, गाणं आणखी कुठे असतं?
म्हणजे तिथे नाही म्हटलं.
परतीच्या विमानात म्हटलं, खिडकीकडे बघून.

पोन्ता देलगादाच्या बाजारात फेर्मिना
बोनितो कापता कापता तेच गाणं गुणगुणत होती.
नऊच्या नऊ चंद्र बेटाचे.
‘ती असं नाही गात,’ मी म्हटलं.
सुरी थांबली.
‘मग कसं गाते?’
मी गाऊन दाखवलं. लिस्बनचा उ,
कुठेही न अडखळलेला, आता माझाच झालेला.
सुट्टे पैसे कमी आल्यावर बघतात
तशी ती माझ्याकडे बघत राहिली.
‘अगं, आमच्या गल्लीतली ती.
तुझी कॅसेट खराब आहे.’

तळटीप बावन्न: माहिती देणाऱ्या व्यक्तीची स्मृती सदोष.
लिहिली.
खोडली.
बांधून आलेल्या प्रतीत
एक्कावन्ननंतर त्रेपन्न येतं.
अजून कुणी विचारलेलं नाही.